काल आमचे जायंट्स जिंकले. आता रडू की हसू?

एडिसनकर | ३० डिसेंबर २०२४, सकाळी ८:१२

कालपासून घरात अबोला आहे, म्हणून इथे येऊन मोकळा होतो.

मी न्यू जर्सीत राहतो. २००७ पासून न्यूयॉर्क जायंट्सचा भक्त. (अमेरिकन फुटबॉल. गोव्याच्या मंडळींनी लगेच धावून येऊ नये.) यंदाचा सीझन म्हणजे निव्वळ पनवती. कालच्या आधी १५ सामन्यांत २ विजय. ओळीने १० पराभव. घरच्या मैदानावर तर खातंच उघडलं नव्हतं, आठच्या आठ हरलो. डिसेंबरात लोकांनी पदरचे पैसे घालून स्टेडियमवरून विमान फिरवलं. त्याच्या शेपटाला मालकांच्या नावाने फलक: पुरे झालं, हा पेटलेला उकिरडा विझवा.

आशा एकच उरली होती. तळाला राहिलो तर एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या पोरांची निवड) पहिला पिक आपला. क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) तर हवाच आहे, डॅनियल जोन्सला नोव्हेंबरात नारळ दिला. म्हणजे उरलेले दोन सामने शिस्तीत हरायचे, बाकी काही करायचं नाही.

आणि काल पठ्ठ्यांनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ४५-३३ असं धुतलं. बदली क्वार्टरबॅक ड्रू लॉकने चार टचडाउन (इथला गोल) फेकले, पाचवा स्वतः पळत जाऊन केला. दुसऱ्या हाफची पहिलीच किक स्मिथ-मार्सेटने झेलली आणि १०० यार्ड सुसाट. मी स्टेडियममध्येच होतो. माझा ११ वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून घसा फाडत होता, आणि मी मनात म्हणत होतो, अरे पाडा रे याला कुणीतरी. आपल्याच माणसाला! पार्किंगमध्ये मुलगा म्हणाला, "बाबा, तू टाळ्या का नाही वाजवल्यास?" मी डिकी उघडून उगाचच थर्मास शोधत बसलो.

तर प्रश्न असा. सीझन गेलाच असेल तर आपली टीम हरावी असं वाटणं पाप आहे का? आणि कोल्ट्ससारखी टीम, जी अर्ध्या आशेवर प्लेऑफच्या मागे धावत होती, ती तरी शहाणी का?

वाचनमात्र | ८:३०

आधी थर्मास सापडला का ते सांगा.

ऋजुता_पुणे | ८:४१

अडाणी प्रश्न विचारते. शेवटचा नंबर आला की बक्षीस? आमच्या शाळेत असं असतं तर मी गणितात गोल्ड मेडलिस्ट असते.

आकडेमोड | ९:२०

ऋजुता, आयपीएलमध्ये लिलाव असतो आणि सगळ्यांची पर्स सारखी. इथे कॉलेजातून येणाऱ्या पोरांसाठी लिलाव नाही, रांग आहे. ३२ टीम, सात फेऱ्या. ज्याचा रेकॉर्ड सगळ्यात वाईट तो रांगेत पहिला, सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकणारा शेवटचा. १९३६ पासून हे चालू आहे. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची, आणि त्यांची स्वतःची टीम तेव्हा तळाला होती. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरने घेतलेला जे बरवँगर पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे या लीगमध्ये, एकही सामना खेळला नाही, हे जाता जाता.

दोघांचा रेकॉर्ड सारखा असेल तर ज्याचे प्रतिस्पर्धी सोपे होते त्याला वरचा नंबर. सोप्या पेपरात नापास झालेला जास्त गरजू, असा हिशोब.

एनबीएने १९८५ पासून सोडत ठेवली आहे. तिथे तळ गाठूनही पहिला नंबर पक्का नसतो. एनएफएलमध्ये सरळ रांग, म्हणून मोह होतो. हा मोह वाढला २०११ च्या खेळाडू-मालक करारानंतर, त्यात नव्या पोरांचे पगार बांधले गेले. २०१० मध्ये पहिला पिक सॅम ब्रॅडफर्डने ६ वर्षांचे ७.८ कोटी डॉलर घेतले, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटन ४ वर्षांसाठी २.२ कोटींत आला. एकदम चांगला क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात मिळाला की वाचलेल्या पैशांत बाकीची टीम बांधता येते.

पणजीचो_पाव | ९:४५

बोलावलंत, आलो. ज्या खेळात बॉल हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणायचं धाडस तुम्हीच करू जाणे.

आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. तळाला गेलास की खालच्या डिव्हिजनात. माझे पप्पा डेंपो क्लबचे. शेवटच्या सामन्यांना ते मुद्दाम हरा म्हणणाऱ्याला फातोर्ड्याच्या गेटबाहेर सोडून आले असते. तुमच्या अमेरिकेत रेलिगेशन आणा, एका सीझनात सगळे सरळ होतील.

सातारी_कंदी | ९:५२

पाव, तुमच्या आयएसएलमध्ये आहे का रेलिगेशन?

पणजीचो_पाव | ९:५३

तेवढं सोडून बोला. दुखतं तिथं.

जेटलॅग | १०:३०

एडिसनकर, तुम्ही चुकीच्या दारात रडताय. स्टेडियम एकच आहे आपलं, पण दुःखाची खरी मालकी जेट्सची, म्हणजे आमची.

२०२०. आम्ही ०-१३, म्हणजे विजय शून्य, पराभव तेरा. तेरा! कॉलेजमध्ये ट्रेव्हर लॉरेन्स नावाचं पोरगं होतं, पिढीतून एकदा येतं म्हणत होते. माझ्या भावाने त्याच्या नावाचं टीशर्ट आधीच छापून घेतलं, हिरव्या रंगात. फक्त तीन सामने हरायचे होते. २० डिसेंबरला आमचे लोक लॉस एंजेलिसला गेले आणि प्लेऑफच्या रस्त्यावरच्या रॅम्सना २३-२० ने हरवून आले. पुढच्या आठवड्यात ब्राउन्सना २३-१६. तिकडे जॅक्सनव्हिल पहिला सामना जिंकून नंतर शहाण्यासारखे ओळीने १५ हरले. लॉरेन्स तिकडे गेला. आम्हाला दुसऱ्या नंबरवर झॅक विल्सन. दुसऱ्याच वर्षी तो बाकावर आणि २०२४ मध्ये डेनव्हरला रवाना.

टीशर्ट अजून आहे. भाऊ गाडी पुसतो त्याने.

ह्यूस्टनवासी | ११:०५

जेटलॅग, टीशर्टबद्दल सहानुभूती आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती आमच्याकडे आहे.

८ जानेवारी २०२३, टेक्सन्सचा शेवटचा सामना. हरलो तर पहिला पिक नक्की. मिनिटभर उरलेलं, फोर्थ अँड ट्वेंटी. म्हणजे ऋजुताबाईंसाठी सांगायचं तर शेवटच्या चेंडूवर षटकार हवा आणि फलंदाज अकराव्या नंबरचा. डेव्हिस मिल्सने फेकला, एकिन्सने टचडाउन घेतला, वर दोन गुणांचा प्रयत्नही जमला. ३२-३१. पहिला नंबर शिकागोला. मी त्या रात्री जेवलो नाही. कोच लव्ही स्मिथना त्याच रात्री काढलं.

पुढे काय झालं बघा. शिकागोने तो पहिला पिक कॅरोलायनाला विकला. कॅरोलायनाने ब्राइस यंग घेतला, आणि २०२३ मध्ये २-१५. आम्हाला दुसऱ्या नंबरवर सी. जे. स्ट्राउड उरला, वर तिसऱ्या नंबरपर्यंत चढून विल अँडरसन घेतला. दोघेही आपापल्या बाजूचे सर्वोत्तम रुकी (नवखे), टीम १०-७, डिव्हिजन (आमचा गट) जिंकलं, प्लेऑफमध्ये ब्राउन्सना ४५-१४. मिल्सने त्या दिवशी आमचं भलं केलं आणि आम्ही त्याला शिव्या घातल्या.

इंडीची_काकू | ११:१८

ह्यूस्टनवासी, त्या ३२-३१ मध्ये समोर कोण होतं ते सोयीस्करपणे गाळलंत. आम्ही! कोल्ट्स! ज्याला हरायचंय तो आमच्यासमोर येऊन जिंकून जातो. कालही तेच.

एडिसनकर, तुम्ही विचारलंत ना, प्लेऑफच्या मागे धावणारे शहाणे का. मी त्या बाजूची. आम्ही ७-८ होतो. शनिवारी मी फ्रिजवर कागद चिकटवला होता, कोण हरलं तर आपलं काय. मिस्टर म्हणाले, दहावीच्या निकालालाही तू एवढं केलं नव्हतंस. काल तिसऱ्या क्वार्टरला तो कागद फाडला.

पण एक सांगते. तळ परवडला, हे अधलंमधलं नको. मागच्या वर्षी ९-८. शेवटच्या सामन्यात याच टेक्सन्सकडून २३-१९ हरलो, प्लेऑफ हुकला, पिक पंधरावा. यंदाही तेच होणार, धड इकडे ना तिकडे. दर डिसेंबरात हृदयाचे ठोके वाढवून घ्यायचे आणि एप्रिलमध्ये चांगलं पोरगं दुसऱ्याच्या टोपीत बघायचं. त्रिशंकूला निदान विश्वामित्र तरी होता.

आणि तरीही. काल सकाळी उठले तेव्हा पोटात जी फुलपाखरं होती, ती तुमच्याकडे होती का? नव्हती ना?

एडिसनकर | ११:२५

नव्हती काकू. ॲसिडिटी होती.

फिलीचा_मामा | दुपारी १२:१०

ईगल्सवाला बोलू का? जायंट्सवाल्यांनो, २०२० आठवतं? आमच्या डिव्हिजनमध्ये सगळेच आजारी. तुम्ही ६-१० असूनही प्लेऑफच्या दारात उभे. आम्ही वॉशिंग्टनला हरवलं की तुम्ही आत. आमच्या पेडरसन कोचनी चौथ्या क्वार्टरला जेलन हर्ट्सला बसवून नेट सडफेल्डला आणलं, आणि आम्ही २०-१४ ने हरलो. तुम्ही बाहेर, आम्हाला नवव्याऐवजी सहावा पिक. केवढा थयथयाट केला होतात तुम्ही! खेळाचा अपमान, सचोटी वगैरे. आज तुम्हीच म्हणताय हरायला हवं होतं.

आणि वरचा पिक म्हणजे सगळं नव्हे याचा पुरावा आमच्याच घरात आहे. सॅक्वॉन बार्कली, २०१८, दुसरा पिक, कोणी घेतला? तुम्ही. आज कुठे आहे? आमच्याकडे. कालच त्याने या सीझनात बॉल घेऊन पळत २००० यार्डांचा टप्पा ओलांडला.

एडिसनकर | १२:१४

मामा, जखमेवर मीठ चोळायलाही काही मर्यादा असते हो.

फिलीचा_मामा | १२:१५

मीठ नाही, चीजस्टेक आहे. घ्या.

सातारी_कंदी | १२:४०

मला यातलं फार कळत नाही, पण तत्त्व ओळखीचं आहे. पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ ठेवले. पुढे दिलेले परत घेतलेच ना? कधी कधी दोन पावलं मागे येऊन पुढची झेप घ्यायची असते. आज दिलेला सामना म्हणजे दिलेला किल्ला.

आबा_दादरकर | १:१५

कंदी, उदाहरण चुकीच्या जागी लावताय. किल्ले दिले ते तहात. त्याआधी पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे पडला तो टँकिंग करत नव्हता, मुद्दाम हरत नव्हता. दिलेरखानाने कौल देऊ केला होता, तोही त्याने झिडकारला. तह करायचा तो मालकाने, मॅनेजरने. मैदानात उतरलेल्याने लढायचंच. तुम्ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून मागताय.

सातारी_कंदी | १:२२

आबा, हे मान्य. शब्द मागे घेतो, किल्ल्यांसकट.

आकडेमोड | १:५०

आबांच्या मुद्द्याला अनुमोदन, आणि मला वाटतं इथेच गाठ सुटते. मुद्दाम हरतं कोण? खेळाडू तर नाहीच. त्याचा करार संपत आलेला असतो, सामन्याची प्रत्येक फीत पुढच्या वर्षी ३१ मालक बघणार असतात. ड्रू लॉकला पहिल्या पिकचा उपयोग काय? पहिला पिक म्हणजे त्याच्या जागी येणारा पोरगा! कोचही नाही, कारण हरलेल्या कोचला तो पिक वापरायला ठेवतच नाहीत, लव्ही स्मिथ बघा. हरण्यात फायदा असतो फक्त मालकाला, मॅनेजरला आणि सोफ्यावरच्या आपल्याला. त्यामुळे ते करतात काय, तर माणसंच अशी ठेवतात की प्रामाणिकपणे खेळूनही हरतील.

कबड्डीवाला | ३:३०

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. यातलं फुटबॉल मला येत नाही, पण मुद्दाम हरणं म्हणजे काय ते माहितीय.

कॉलेजच्या टीममधून खेळायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, गटातला शेवटचा सामना. आम्ही आधीच पुढे गेलेलो. गटात पहिले आलो तर सेमीला सगळ्यात दांडगी टीम, दुसरे आलो तर लिंबूटिंबू. सरांनी आदल्या रात्री लॉजवर बोलावलं आणि सरळ नाही सांगितलं, एवढंच म्हणाले, "उद्या दमू नका." आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात. समोरचा पोरगा चढाईला आला, माझ्या अंगावरून हात फिरवून बोनस घेऊन गेला. त्याचा घोटा माझ्या हातात होता. हातात! मी सोडला. आमच्यावर लोण चढला तेव्हा कुंपणाजवळ मूठभर गावकरी बसले होते, त्यातला एक म्हातारा उठून गेला. शिट्टी नाही, शिवी नाही, धोतर झटकून नुसता उठून गेला.

सेमीला आली ती लिंबूटिंबू टीम. हरलो. घोटे हातात यायचे आणि निसटायचे. एकदा सोडायची सवय लावली की हात ऐकत नाही. आज ५२ वर्षांचा आहे. ती ट्रॉफी कोण जिंकलं आठवत नाही, तो म्हातारा आठवतो.

ऋजुता_पुणे | ३:४४

बाप रे. शहारा आला.

वाचनमात्र | ३:५०

आज विनोद नाही. पुढच्या वेळी.

मेघना_बॉस्टन | ४:२०

कबड्डीवाले, तुमच्या पोस्टवरून २०१२ चं लंडन ऑलिंपिक आठवलं. बॅडमिंटनमध्ये सोपा ड्रॉ मिळावा म्हणून चार जोड्यांनी सर्व्हिस नेटमध्ये मारली होती, आठही जणींना बाद केलं. तिथे खेळाडूच करत होत्या, म्हणून डोळ्यांना खुपलं. ऑफिसात बसून कुणी तेच केलं की त्याला "दीर्घकालीन योजना" म्हणतात.

मी पेट्रियट्सवाली, आणि माझी गोची ऐका. काल तुम्ही जिंकलात, त्यामुळे रांगेत पहिले आम्ही! पुढच्या रविवारी बफलोशी सामना. त्यांना गरज नाही, ते राखीव पोरं उतरवणार. मी काय प्रार्थना करू?

जेटलॅग | ४:२२

पेट्रियट्सवाल्यांची गोची! सहा सुपर बोल घेऊन गोची! टॉम ब्रेडी १९९ व्या नंबरवर उचललात तुम्ही. तुम्हाला ड्राफ्टच्या धाग्यावर बंदी हवी.

आबा_दादरकर | ५:१०

एडिसनकर, तुम्ही स्वतःला २००७ पासूनचे भक्त म्हणवता, मग ते वर्ष विसरलात कसे? मी तेव्हा लेकीकडे न्यू जर्सीला होतो, जावयाने बसवून दाखवलं. प्लेऑफची जागा पक्की होती. शेवटचा सामना पेट्रियट्सशी, ते १५-०. सगळे म्हणत होते, मुख्य खेळाडू बसवा, दुखापती टाळा. कॉफलिन कोचनी सगळ्यांना उतरवलं. ३८-३५ ने हरले. पण महिन्याभराने सुपर बोलला पुन्हा तेच समोर आले, तेव्हा १७-१४. त्या हरलेल्या रात्री टीमला कळलं होतं की हे माणूसच आहेत. २०११ मध्ये तर नुसते ९-७ ने आत शिरून कप नेला. काकूंच्या फ्रिजवरच्या कागदाला म्हणून हसू नये.

इंडीची_काकू | ५:३१

आबा, थँक्यू. नवीन कागद चिकटवते, पुढच्या वर्षीचा.

शिवाय वरच्या पिकचंही ऐका. २०११ मध्ये पेटन मॅनिंगची मान दुखावली, आम्ही २-१४, पहिल्या नंबरवर अँड्र्यू लक मिळाला. तीन वर्षं ओळीने ११-५. देव पावला म्हटलं. पण त्याला वाचवणारी लाइन उभी केली नाही, मार खाऊन खाऊन पोरगं २०१९ च्या ऑगस्टमध्ये, २९ व्या वर्षी, निवृत्त झालं. पिक मिळाला म्हणजे नवरदेव मिळाला. संसार करायचा बाकीच असतो.

मेघना_बॉस्टन | ६ जानेवारी २०२५, सकाळी ७:०५

जिंकलो. २३-१६. तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकने. पहिला पिक टेनेसी टायटन्सला. कोच मेयोंना सामना संपल्या संपल्या काढलं. चहा घेते.

एडिसनकर | ७:२०

या ताई, बसा. आम्ही काल ईगल्सच्या राखीव पोरांकडूनही हरलो, २०-१३. टायटन्स, ब्राउन्स आणि आम्ही, तिघे ३-१४. आमचा पेपर अवघड होता म्हणून आम्ही तिसरे. नापासांतही नंबर हुकला.

आकडेमोड | ८:००

जखमेचं माप देतो. डॅलसच्या कोच जिमी जॉन्सननी नव्वदच्या दशकात पिकच्या किमतीचा तक्ता केला होता, अजून लोक तोच धरतात. पहिला ३००० गुण, तिसरा २२००. फरक ८००, म्हणजे पहिल्या फेरीतल्या एकविसाव्या पिकची किंमत. कोल्ट्सवरचा विजय तुम्हाला एवढ्याला पडला.

एडिसनकर | ८:०४

आणि पार्किंगचे वेगळे.

ऋजुता_पुणे | ८:३०

पण मुलाला काय सांगितलंत शेवटी? मूळ प्रश्न तोच होता ना? तो सोडून सगळं झालं या धाग्यावर.

एडिसनकर | ९:१५

कबड्डीवाल्यांची पोस्ट वाचून दाखवली. भाषांतर करत करत. लोण समजावताना अर्धा तास गेला, गालिचावर चढाई करून दाखवावी लागली, बायकोची कुंडी फुटली. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू तो उठून गेलेला म्हातारा होतास?" मी म्हटलं, नाही रे, तो चांगला होता. मी सर होतो.

फिलीचा_मामा | २५ एप्रिल २०२५, सकाळी ९:४०

धागा वर काढतोय. टायटन्सनी कॅम वॉर्ड घेतला, जॅक्सनव्हिलने ब्राउन्सशी सौदा करून दुसऱ्या नंबरवर ट्रॅव्हिस हंटर. जायंट्सना तिसऱ्यावर अब्दुल कार्टर. क्वार्टरबॅकला मारणारा मिळाला, क्वार्टरबॅक नाही, असं म्हणेपर्यंत पठ्ठे पुन्हा पहिल्या फेरीत घुसले आणि २५ व्यावर जॅक्सन डार्ट. खरं सांगतो, वाईट नाही. हे ईगल्सवाल्याने लिहिलंय, जपून ठेवा.

इंडीची_काकू | १०:०२

आम्ही ८-९. पिक चौदावा. सांगितलं होतं ना! टायलर वॉरेन मिळाला मात्र, आणि मी खूश आहे. हातात पिठाचा गोळा असावा तसा बॉल धरतो. तुमचा ड्रू लॉकही चालला सिएटलला. चार टचडाउन त्याच्या कामी आले, आकडेमोड म्हणाले तसं.

आबा_दादरकर | ११:३०

चिरंजीवांचं काय मत?

एडिसनकर | ११:४१

डार्टचं नाव ऐकून नाचला. आता ड्राफ्टचा तक्ता पाठ केलाय, मला शिकवतो. ३०००, २६००, २२००. गणितात ७२ टक्के.

एडिसनकर | २८ डिसेंबर २०२५, रात्री ९:१८

पुन्हा मीच. ऋजुता, हसू नका.

बरोब्बर एक वर्ष झालं. आम्ही २-१३. ओळीने ९ पराभव. कोच डेबोलना नोव्हेंबरात काढलं. आज समोर लास व्हेगास रेडर्स, तेही २-१३. यावेळी तर गणितही लागत नव्हतं. हरणाऱ्याला जवळजवळ पहिला पिक, असा सरळ सामना. काकू, फ्रिजवर कागद सुद्धा नको.

३४-१०. जिंकलो आम्ही.

घरीच होतो, टीव्हीवर. कुंडीच्या जागी आता प्लास्टिकची आहे. मी ठरवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, टाळ्या वाजवायच्या. वाजवल्या, उभा राहून. शेजारी बघतो तर मुलगा सोफ्यावर उशी तोंडावर घेऊन. मी म्हटलं काय झालं रे? उशीतूनच म्हणाला, "बाबा, १३०० पॉइंट गेले."

कबड्डीवाला | ९:३०

पाचव्यावर घसरणार असं धरतोय वाटतं पोरगा. १२ व्या वर्षी एवढा हिशोब! त्याला घेऊन या एकदा, आमच्या इथे मातीवर उतरवतो.

पणजीचो_पाव | ९:३३

मातीवर नको, फातोर्ड्याला आणा.

मेघना_बॉस्टन | ९:४०

मी गप्प बसते. यंदा आमचं बरं चाललंय आणि आजच कुणालातरी बदडलंय, सांगितलं तर जेटलॅग मारेल.

जेटलॅग | ९:४१

४२-१०. आम्हीच ते. शिस्तीत हरलो.